पडायचं घर

आमच्या मोहिमेचा शेवटचा डाव रविवारी दुपारी दोनला सुरू झाला आणि पाचला संपला. पाचला संपवावाच लागतो. मी चौविहार करते. दिवस मावळला की माझं खाणंपिणं बंद, आणि हिवाळ्यात सुरतेत सहाच्या सुमारास अंधार पडतो. तीन वर्षं लिंबायतमधल्या आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राक्षस, चेटकिणी आणि एक म्हातारा ड्रॅगन या सगळ्यांनी माझ्या जेवणाची वेळ पाळली. तेवढी शिस्त घरच्यांनीही कधी पाळली नाही.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार होतो, तो एक जग उभं करतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. पात्र काय करतं ते आपण तोंडानं सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद असतो: ताकद किती, अक्कल किती, गाठीला काय आहे, जीव किती शिल्लक आहे. ज्या बाईनं लहानपणी भातुकली खेळली आहे तिला हा खेळ पाच मिनिटांत कळतो. त्यातलं गणित कळायला मात्र मला सहा महिने लागले.

लागोपाठ चालणाऱ्या डावांच्या मालिकेला कॅम्पेन म्हणतात. आम्ही मोहीम म्हणतो. कॅम्पेन हा शब्द या खेळात लष्करी खेळांतून आला, मेजावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या अमेरिकनांकडून. मोहीम हा शब्दही तितकाच लष्करी आहे, पण आपल्याकडे पल्स पोलिओचीही मोहीम असते, त्यामुळे तो बोचत नाही. आमची मोहीम 2022 च्या दिवाळीनंतर सुरू झाली. सूत्रधार माझा भाचा. खेळणारे चौघे: पाटलांची सीए करणारी मुलगी, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणारा नंदुरबारकडचा एक पोरगा, पद्मशाली विणकरांच्या घरातला एक, आणि मी. माझं वय या तिघांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. टेबलावर मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी सगळं चालायचं आणि जादूचे मंत्र तेवढे इंग्रजीत. पद्मशाल्यांच्या मुलाला राग आला की तेलुगू.

मला या लेखात दोन गोष्टींबद्दल बोलायचं आहे. एक, या खेळाचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. दोन, मोहीम संपते. दोन्हींमुळे खेळाची मजा जाते असं म्हणणारे खूप भेटतात. मला तसं वाटत नाही, पण मजा कुठे जाते आणि कुठे राहते याचा मी जरा कसून विचार केला आहे, कारण मला त्याचा त्रास झाला आहे.

आधी घरातली हरकत सांगते. जैन घरात फासा ही साधी वस्तू नाही. सात व्यसनं मोजताना आपण सुरुवातच जुगारापासून करतो, आणि शिकार त्यातच आहे. या खेळात फासाही आणि शिकारही. पैसे लावत नाही, हे एक उत्तर झालं. शिकार खोटी असते, हे दुसरं उत्तर मात्र आपल्या परंपरेत टिकत नाही. यशोधर राजाची कथा आठवा. आईच्या आग्रहाखातर त्यानं देवीपुढे कोंबडा बळी दिला, तोही खरा नाही, पिठाचा. तेवढ्यावरून मायलेकांना कित्येक जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. सोमदेवसूरींनी 959 साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच कथेवर. पिठाच्या कोंबड्याला जर पाप लागत असेल तर कागदावरच्या राक्षसाला का नाही? तिथे मारण्याचा भाव होता, आणि इथेही सुरी मनानंच उचलायची असते. चातुर्मासात साध्वीजी आल्या तेव्हा त्यांना विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न विचारायचं टाळतो.

मग मी काय केलं, तर नियमांचं पुस्तक कादंबरी वाचावी तसं सलग वाचलं. आणि त्यात एक बारीक नियम सापडला. हातातल्या शस्त्रानं शेवटचा घाव घालताना खेळणारा म्हणू शकतो, ठार नको, बेशुद्ध. सूत्रधाराला ते मान्य करावं लागतं. माझ्या पात्राचं नाव वसुमती, देवळातली वैद्यीण, हातात दंडुका. तीन वर्षांत वसुमतीनं एकही जीव घेतला नाही. सुरुवातीला पोरं वैतागायची, कारण बेशुद्ध केलेल्या दरोडेखोरांना बांधायचं, पाणी पाजायचं, पुढे त्यांचं काय करायचं ते ठरवायचं, यात अर्धा डाव जायचा. नंतर त्यांनाच त्याची गोडी लागली. एकदा एम्ब्रॉयडरीवाल्यानं स्वतःहून तलवार खाली केली आणि मला म्हणाला, “मावशी, त्याले सोडी दे ना.” सोडलेल्या त्या माणसानं सहा महिन्यांनी आम्हाला दगा दिला ती गोष्ट वेगळी.

म्हणजे नियम वाकवता येतात असं मी म्हणत नाही. नियमातच वाट होती, ती कुणी चालत नव्हतं.

आता आमच्या घरातल्या दुसऱ्या पटाकडे येते, कारण नियम बदलण्याचं पहिलं शिक्षण मला तिथे मिळालं. सासूबाईंच्या माहेरी कापडावर रंगवलेला ज्ञानबाजीचा पट होता. आज जगभर सापशिडी म्हणून जो खेळ पोरं खेळतात त्याचं हे जुनं घर. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणतात आणि तो ज्ञानेश्वरांनी रचला असं सांगतात. वैष्णवांच्या पटात बहुधा 72 घरं, जैनांच्या पटात 84. खाली नरक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक आणि अगदी माथ्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. घराघरांत नावं: हे व्रत, हा कषाय, ही गती. पर्युषणाच्या दिवसांत दुसरं काही खेळायचं नाही, हा मात्र खेळायचा. हातात फासा नव्हे, कवड्या.

तो पट मीठी खाडीच्या पाण्यात गेला. खाडी फुगली की आमच्या भागात तळमजले आधी जातात, आणि सासूबाईंची पेटी तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर हातात आला तो रंग पसरलेला एक चिंधा. मग आम्ही ग्रे कापडाचा तुकडा आणला, चौकोन आखले, आणि सासूबाई सांगतील तशी नावं मी मार्करनं लिहीत गेले. साठ-पासष्ट घरांपर्यंत सगळं ठीक चाललं. मग अकराव्या गुणस्थानाचं घर आलं, उपशांतमोह. जीव चौदा पायऱ्या चढतो त्यातली ही अकरावी, आणि हिची गंमत अशी की इथे मोह मेलेला नसतो, नुसता दबलेला असतो. म्हणून इथवर आलेला जीव पुढे जात नाही, पडतोच. साप कुठे काढायचा याबद्दल वाद नव्हताच. वाद होता त्याची शेपटी कुठे ठेवायची याचा. सासूबाई म्हणाल्या, पार पहिल्या घरात, मिथ्यात्वात. मालेगावहून नणंद फोनवर म्हणाल्या, नाही आई, आपल्या पटात चौथ्यावर थांबत होता. शास्त्रात दोघींना आधार आहे. त्या पायरीवर आयुष्यच संपलं तर जीव देवगतीत चौथ्या गुणस्थानावर येतो. मुदत संपून घसरला तर एकेक पायरी उतरत पहिल्यापर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे एकाच सापाला दोन शेपट्या हव्या होत्या. शेवटी सासूबाईंचं ऐकलं. वयाचा मान, दुसरं काय. नणंद अजून म्हणतात, तुमचा पट चुकीचा आहे.

हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पोचला. आधी तिथल्या सद्गुणदुर्गुणांची नावं घरांत आली, मग नावं गळाली आणि नुसते आकडे राहिले. आपल्या पटात शिड्या कमी आणि साप जास्त असत. तिकडे दोन्ही सारखे झाले. 1943 मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीनं सापच काढून टाकले, मुलं घाबरतात म्हणून, आणि घसरगुंड्या काढल्या. पडण्याला कारण उरलं नाही आणि पडण्यात भीतीही उरली नाही. खेळ वाईट झाला का? चार वर्षांच्या मुलासाठी नाही. माझ्यासाठी झाला.

हे मनात ठेवून डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आवृत्त्या वाचल्या की एक ओळखीची गोष्ट दिसते. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून हा खेळ विकायला काढला, पहिल्या छपाईत हजार प्रती. त्या नियमांत जिवाचे गुण शून्यावर आले की पात्र मेलं, विषय संपला. पुढे उणे दहापर्यंत मुदत मिळाली. 2008 च्या चौथ्या आवृत्तीपासून शून्यावर पडलेल्याला मरणाशी फासा टाकायला मिळतो, तीनदा हरला तरच जातो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तेच राहिलं. आणि 2024 च्या सप्टेंबरात जे सुधारलेलं पुस्तक आलं त्यात जखम बरी करण्याचा साधा मंत्र दुप्पट झाला: आधी आठ बाजूंचा एक फासा, आता दोन. औषधाची बाटली प्यायला पूर्वी अख्खी पाळी खर्च व्हायची, आता अंगचा दुसरा हात रिकामा असावा तशी ती चालता चालता पिता येते. दर आवृत्तीत पडायची घरं कमी होत गेली आहेत.

याला ऱ्हास म्हणायची घाई जुन्या खेळाडूंना फार असते. त्यांना मी दुसरा हिशेब दाखवते. जुन्या नियमांत पात्राची वाढ मुख्यतः कशावर व्हायची? तळघरातून सोनं बाहेर आणलं की. जितक्या मोहरा तितके गुण. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत हे गेलं आणि गुण मिळू लागले शत्रूला हरवल्याचे. माझ्या चष्म्यातून बघा: आधी परिग्रहाला बक्षीस, मग हिंसेला. आता सूत्रधाराला मोकळीक आहे की गोष्टीत एखादा टप्पा गाठला म्हणून सगळ्यांना एकदम वर चढवावं. आमचा भाचा तसंच करतो. वसुमती जुन्या नियमांत तीन वर्षांत एक पायरीही चढली नसती. सोनं ती वाटून टाकायची आणि मारायची कुणाला नाही. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी सोनं या शब्दाकडे जरा नीट बघावं.

नव्या पुस्तकातला मला सगळ्यात पटलेला बदल मात्र एका शब्दाचा आहे. पात्र एल्फ की ठेंगू की माणूस, याला इंग्रजीत इतकी वर्षं ‘रेस’ म्हणत. आमच्या टेबलावर त्याचं आपोआप मराठी झालं, जात. पहिल्या रविवारी भाच्यानं पद्मशाल्यांच्या मुलाला विचारलं, “तुझी जात कोणती?” आणि खोलीत एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, “एल्फ,” आणि सगळे मोठ्यानं हसलो. हसलो खरे, पण लिंबायतमध्ये खोली भाड्यानं घेताना हा प्रश्न जसा येतो तसाच तो आला होता. 2024 मध्ये पुस्तकानं ‘स्पीशीज’ असा शब्द घेतला. आम्ही प्रजाती म्हणू लागलो. कोरडा शब्द आहे, शाळेतल्या जीवशास्त्राचा, पण तो कुणाला टोचत नाही.

शब्दाबरोबर नियमही बदलला. पूर्वी एल्फ जन्मतःच चपळ आणि ऑर्क जन्मतःच बळकट. त्यांच्या कागदावर ते आकडे जन्मानं चढायचे. आता ते चढतात पात्रानं आधी काय काम केलं त्यावर: शेतकरी होता, सैनिक होता, कारागीर होता, देवळात होता. अशा सोळा पार्श्वभूमी दिल्या आहेत. उत्तराध्ययनाच्या पंचविसाव्या अध्ययनात जयघोष मुनी यज्ञ करणाऱ्याला हेच समजावतात की ब्राह्मण काय आणि क्षत्रिय काय, माणूस कर्मानं होतो. अडीच हजार वर्षांनी का होईना, अमेरिकेतल्या एका खेळाच्या पुस्तकाला ते पटलं म्हणून मी खूश झाले. मग एम्ब्रॉयडरीवाल्यानं पुस्तक उलटून पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे मशीनवर बसला तो मशीनवाल्याचेच आकडे घेणार?” खरंच की. प्रत्येक पार्श्वभूमीला ठरलेले तीन गुण आहेत, त्यांच्यातच वाढ मिळते. कारागिराला कारागिराचेच. जन्माची चौकट काढली आणि धंद्याची बसवली. आमच्या गल्लीत दोन्हींत फारसा फरक नाही.

आणि एक तक्रार. अर्धा एल्फ, म्हणजे आई माणूस आणि बाप एल्फ किंवा उलट, हे पात्र नव्या मुख्य पुस्तकातून गेलं. जुन्या पुस्तकातून घेता येतं, त्याला बंदी नाही, पण पहिल्या पानावर त्याला जागा नाही. पाटलांच्या मुलीचं पात्र अर्धं एल्फ होतं. ती स्वतः लिंबायतमध्ये जन्मलेली, शाळा गुजरातीतून, घरात अहिराणी, आखाजीला धुळ्याकडे गेली की आत्या विचारते, सुरतवाली आली का, आणि इथे कॉलेजात तिला महाराष्ट्रवाली म्हणतात. अर्ध्यांना पुस्तकातून काढायचं कारण काय दिलं असेल ते असो. ती म्हणाली, “मी जुनंच पान वापरणार,” आणि झेरॉक्सच्या दुकानातून जुनं पान काढून आणलं.

नियम कुणाचे, हा प्रश्न याआधीच एकदा पेटला होता. 2000 सालापासून या खेळाचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखाली होते. कुणीही त्यांवर आपलं पुस्तक काढावं. त्यातूनच 2009 मध्ये पाथफाइंडर हा वेगळा खेळ उभा राहिला, तिसऱ्या आवृत्तीवर जीव असलेल्यांसाठी. 2023 च्या जानेवारीत विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा परवाना आवळणारा मसुदा बाहेर फुटला, खेळणारे खवळले, आणि 27 जानेवारीला कंपनीनं माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे मोकळे केले. आमची मोहीम तेव्हा तीन महिन्यांची होती. आम्ही खेळत होतो तेच फुकटचे नियम, झेरॉक्स करून, स्पायरल बांधून. भाचा घाबरा झाला होता. मी म्हटलं, अरे, ज्ञानबाजीचा मालक कोण होता? प्रत्येक चितारी आपला साप आपल्या मनानं काढायचा. तो म्हणाला, “मावशी, त्या चिताऱ्यांवर वकील सोडणारं कुणी नव्हतं.” त्याचंही खरं.

आता जिथे मला लागलं तिथे येते.

आमच्यात सुरुवातीला पाचवा एक गडी होता, एम्ब्रॉयडरीवाल्याचा गाववाला. त्याचं पात्र एक उंचापुरा भालेकरी, बोलायचा कमी. 2023 च्या पावसाळ्यात एका पुलावर तो पडला. मी धावत गेले, म्हणजे वसुमती गेली, आणि मंत्र म्हटला. आठ बाजूंचा एक फासा. दोन पडले. माझे तीन मिळवून पाच. तो पाच गुणांवर उठून उभा राहिला आणि पुढच्याच घावात पुन्हा आडवा झाला, मग मरणाशी फासे हरत गेला. पोरानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, “मना गडी मरी गया.” नवीन पात्र त्यानं केलं नाही. दिवाळीनंतर तो पुण्याला नोकरीला गेला. खेळामुळे गेला नाही, नोकरीमुळे गेला, हे मला कळतं. पण फाशावरचे ते दोन ठिपके माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. आठ बाजूंच्या फाशावर ठिपके नसतात, आकडा असतो. तरी मला ठिपकेच आठवतात.

2025 च्या सुरुवातीला, नवी तिन्ही पुस्तकं पुरी झाल्यावर, भाच्यानं विचारलं, नव्या नियमांवर जायचं का? हात वर झाले, गेलो. पहिल्याच डावात मी तोच मंत्र म्हटला आणि दोन फासे उचलले. सात आणि सहा, वर माझे तीन, सोळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मेजावरून उठावंसं वाटलं. हाच हात, हाच मंत्र, हीच वसुमती. मग तेव्हा एकच फासा का होता? पद्मशाल्यांचा मुलगा हुशार. तो म्हणाला, “मावशी, मग भालेकऱ्याला परत आणू. नव्या नियमानं तो जगला असता.” पाटलांची मुलगी म्हणाली, जगलाच असता असं नाही, गणितात फक्त शक्यता वाढते. वाद पेटला. माझी बाजू मलाच ठरवता येईना.

त्या रात्री मी उत्तराध्ययन काढून तेविसावं अध्ययन वाचलं. श्रावस्तीला दोन मुनी भेटतात. केशी पार्श्वनाथांच्या परंपरेतले, त्यांची व्रतं चार. गौतम महावीरांचे शिष्य, त्यांची व्रतं पाच. केशी सरळ विचारतात: ध्येय एकच असताना नियम दोन का, तुम्हाला शंका येत नाही? गौतमांचं उत्तर मला नेहमीच फार माणसातलं वाटत आलं आहे. ते म्हणत नाहीत की जुना नियम चुकीचा होता. ते खेळणाऱ्यांकडे बोट दाखवतात. पहिल्या तीर्थंकरांच्या काळची माणसं सरळ पण जड, मधल्यांची सरळ आणि शहाणी, शेवटच्यांची वाकडी आणि जड. मधल्यांना चार शब्दांत सांगितलं की पुरायचं. आपल्याला पाचवं वेगळं काढून सांगावं लागतं, नाहीतर आपण पळवाट काढतो. केशींना ते पटतं आणि ते पाच व्रतं घेतात.

मला त्यात यावेळी दिसलं ते हे की केशी पाच व्रतं घेतात, पण चार व्रतांवर जे आधी तरून गेले त्यांचा हिशेब कुणी पुन्हा उघडत नाही. नवा नियम मागे जात नाही. भालेकरी एका फाशाच्या जगात पडला. त्याला दोन फाशांच्या जगात उठवला तर त्या पावसाळ्यातला रविवार, पुलावरची आमची धावपळ, घडी घातलेला कागद, सगळं खोटं होतं. आणि या खेळात खरं असं दुसरं काय असतं?

तरीही मी एकटीनं ठरवलं नाही. आम्ही पुण्याला फोन लावला. तो पोरगा कामावर होता, मागे कसलातरी आवाज. त्याला सगळं समजावलं, एक फासा, दोन फासे, शक्यता. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “मरी गया ते मरी गया.” मग विचारलं, “मावशी, तू अजून दोन पडले तेच धरी बसनी का?” मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

म्हणून माझं मत असं की मोहिमेच्या मध्ये नियम बदलू नयेत. हातवर करून मीही तेव्हा हो म्हटलं होतं, चूक माझीही आहे. दोन मोहिमांच्या मध्ये बदला, हवे तितके बदला. नव्या पुस्तकातलं बरंच मला आवडतं, ते वर सांगितलंच. पण एकाच पात्राला दोन जगांचे नियम लावले की आधीच्या प्रत्येक फाशावर शंकेचं बोट येतं. सासूबाईंच्या पटात सापाची शेपटी कुठे हवी यावर भांडता येतं, पण कवडी हातात असताना शेपटी हलवली तर कुणी खेळणार नाही.

संपण्याबद्दल मात्र मी थोडक्यात सांगते, कारण तिथे मला शंका नाही. याआधी भाच्यानं दोन मोहिमा सुरू केल्या होत्या. त्या संपल्या नाहीत, विरल्या. एकाची परीक्षा, एकाचं लग्न, एकाची नाइट शिफ्ट, आणि एका रविवारी कुणीच येत नाही. त्या मोहिमांमधली पात्रं कुठे आहेत? कुठल्यातरी तळघराच्या दारात, हातात मशाल घेऊन, अजून उभी. मला त्यांची खरोखर दया येते. या वेळी मी भाच्याला अट घातली की शेवट करायचा, कसाही कर पण कर.

त्यानं केला. त्याच्या जगात एका मोठ्या धरणाखाली एक शहर होतं. सुरतेच्या माणसाला दुसरं काय सुचणार, उकाईच्या पाण्याकडे कान लावूनच आम्ही पावसाळे काढतो. धरणाच्या भिंतीत ड्रॅगन राहायचा, आणि त्याला मारलं तर भिंत जाणार होती. तीन तास आम्ही त्याच्याशी बोललो. शस्त्र कुणी काढलं नाही. एम्ब्रॉयडरीवाल्यानं एकदा तलवारीला हात लावला आणि माझ्याकडे पाहून काढून घेतला. शेवटी ड्रॅगन निघायला तयार झाला, पण दरवाजे हळूहळू सोडायला कुणीतरी आयुष्यभर तिथे बसायला हवं होतं. वसुमती बसली. भाच्यानं फासाही मागितला नाही. पाटलांच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. मला पाच वाजून गेल्याचं दिसत होतं आणि खाली कुकर लावायचा होता.

पुढच्या रविवारी काही ठरलं नव्हतं तरी सगळे दोन वाजता वर आले. कुणी कागद आणले नव्हते. थोडा वेळ नुसते बसलो. मग सासूबाई जिना चढून आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि काखेत तो ग्रे कापडाचा पट. कवड्या सापडत नाहीत म्हणाल्या, तुमच्यातला एखादा फासा द्या. भाच्यानं वीस बाजूंचा दिला. त्यांनी तो उलटसुलट फिरवून बघितला, आकडे लहान आहेत म्हणाल्या, आणि टाकला.

“किती?”

“सतरा.”

चार जणांच्या सोंगट्या लागल्या. कवड्यांनी दुपार खाणारा पट आता धावू लागला. तासाभरात पद्मशाल्यांचा मुलगा देवलोकात पोचला आणि पुढच्या फाशाला बरोबर अकराव्या गुणस्थानावर आला. सासूबाईंनी त्याची सोंगटी उचलली आणि सापावरून सरकवत सरकवत पार खाली नेऊ लागल्या. तो ओरडला, “आजी, एवढं खाली? नियम कुठे लिहिलाय?”

मालेगावला फोन लावायचा का, असं मी विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या.